जीवाश्म दातांवरून सागरी सरीसृपांची ओळख : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांचा बराचसा प्रदेश खारपाणपट्ट्यात मोडतो. दक्षिणेस लोणारचे खारे सरोवर आहे. ज्या अर्थी पाणी खारे, त्या अर्थी येथे पूर्वी समुद्र असला पाहिजे, असा तर्क सहजच केला जातो. अशा वेळी नदीपात्रात एखादी टोकदार दगडी वस्तू सापडली, तर ती समुद्री डायनासोरचा दात ठरण्यास फारसा वेळ लागत नाही. (सागरी सरीसृप हे डायनासोर नव्हेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.) ती वस्तू महाविद्यालयाच्या संग्रहात चिठ्ठीसह ठेवली गेली, की पुढील प्रत्येक तुकडी ती चिठ्ठी प्रमाण मानून शिकते. म्हणून दातावरून प्राणी कसा ओळखतात आणि ही ओळख कोठे थांबते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाताची रचना आणि ओळख

दात हा शरीरातील सर्वांत कठीण भाग होय. सरीसृपांचे दात आयुष्यभर पडतात व नवे येतात. त्यामुळे एकाच प्राण्याचे अनेक दात गाळात जमा होतात. मात्र गळून पडलेल्या दाताला बहुधा मूळ नसते. जुने मूळ शरीरातच विरघळून गेलेले असते. दुर्दैव असे की ओळखीच्या दृष्टीने मूळ हाच दाताचा सर्वांत बोलका भाग आहे.

इक्थिओसॉरच्या दाताचे मूळ आडवे छेदून भिंगाखाली पाहिले, तर आतील डेंटिनला चुण्या पडलेल्या दिसतात. या गटातील अनेक प्राण्यांचे दात स्वतंत्र खोबणींत नसून जबड्यातील एका सलग चरात बसलेले असत. प्लेसिओसॉरचा प्रत्येक दात स्वतंत्र खोबणीत असे. त्याचे मूळ साधे व गोल, तर मुकुट निमुळता, किंचित वाकलेला आणि बारीक उभ्या रेषांचा असतो. मोसासॉरच्या मुकुटाला सामान्यतः दोन धारा असतात. त्यांपैकी बाहेरची बाजू चपटी व आतली फुगीर असते आणि तळाशी हाडासारखा जाड पाया जबड्याला जोडलेला असतो.

खरी अडचण मगरीची आहे. तिचाही दात शंक्वाकृती, स्वतंत्र खोबणीतला आणि पुष्कळदा रेषांकित असतो. मगरीचा मुकुट सहसा अधिक बसका असतो व त्यावर समोरासमोर दोन धारा दिसतात. प्लेसिओसॉरमध्ये अशा धारा बहुधा नसतात. परंतु 'सहसा' आणि 'बहुधा' या शब्दांवर जाती ठरवता येत नाही. केवळ तुटका मुकुट हाती असेल, तर अनेकदा 'सरीसृप, गट अनिश्चित' एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. शार्कचा दात मात्र लवकर ओळखू येतो. त्याचे मूळ पसरट, सच्छिद्र व अनेकदा दोन फाट्यांचे असते. तो खोबणीत बसत नाही.

भारतातील पुरावे

रिचर्ड लायडेकर यांनी 1879 मध्ये तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली परिसराच्या क्रिटेशस खडकांतील मणक्यांवरून 'इक्थिओसॉरस इंडिकस' ही जाती नोंदवली. केवळ मणक्यांवर जाती उभी राहत नाही, म्हणून हे नाव पुढे अनेकांनी संदिग्ध मानले. 2011 मध्ये त्याच प्रदेशातील कराई येथील थरांतून इक्थिओसॉरचे सुटे दात शार्कच्या दातांसह वर्णिले गेले, तेव्हा या चर्चेत नवा पुरावा आला. 2017 मध्ये कच्छमधील लोडाई गावाजवळ सापडलेला, सुमारे साडेपाच मीटर लांबीचा उत्तर ज्युरासिक काळातील इक्थिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा गुंटुपल्ली प्रसाद व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या दातांच्या झिजेवरून तो कठीण कवचाचे भक्ष्य खात असावा, असे अनुमान निघाले. म्हणजे दात प्राण्याच्या नावाबरोबर त्याचा आहारही सांगतो.

बुलढाण्याची भूमी

हे तिन्ही पुरावे सागरी गाळाच्या खडकांतील आहेत. बुलढाण्याचा मूळ खडक मात्र बेसाल्ट आहे. दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी झाला आणि तो जमिनीवर पसरला. इक्थिओसॉर त्याच्या दोन कोटींहून अधिक वर्षे आधीच नष्ट झाले होते. पूर्णेचा गाळ तर या सर्वांच्या फार नंतरचा, चतुर्थक काळातील आहे. नर्मदेच्या अशाच गाळात हत्ती, पाणघोडा, घोडा व रानबैल यांचे अवशेष मिळाले आहेत. पूर्णेकाठी दात सापडल्यास प्रथम त्याच दिशेने पाहावे. लोणारचा खारेपणाही समुद्राचा नव्हे. उल्काघाताने झालेल्या या विवरातून पाणी बाहेर वाहत नाही. ते आटते व क्षार मागे राहतात.

तथापि समुद्राचा प्रश्न पूर्णपणे निकाली निघालेला नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे दोन लाव्हाप्रवाहांमधील थरांत सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष आढळल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि नर्मदा–तापी खोऱ्यांतून समुद्राचा फाटा आत आला असावा, असे मत मांडले गेले. पूर्णा ही तापीचीच उपनदी असल्याने हे मत जिल्ह्यासाठी दुर्लक्षणीय नाही. याउलट, आसिफाबाद (तेलंगणा) येथील तशाच थरांतून 1993 मध्ये 'इग्डाबॅटिस' या पाकट माशाचे दात वर्णिले गेले. पण पाकटांचे काही प्रकार नदीमुखातून बरेच आत येतात, त्यामुळे एवढ्यावरून किनारा ठरवता येत नाही.

बेसाल्टच्या पोकळ्यांतील निमुळती गारगोटी हाही एक फसवा नमुना आहे. ती काचेवर ठळक ओरखडा काढते. दात सहसा काढत नाही. कॅल्साइटचा सुळका सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने जोराने फसफसतो. ही तपासणी वस्तूच्या तुटलेल्या कडेवरच करावी. मुळाला चिकटलेली माती खरवडू नये, वार्निश लावू नये. गावाचे नाव, खोली आणि कोणत्या थरातून वस्तू निघाली, हे चिठ्ठीवर प्राण्याच्या नावाआधी लिहावे.