बोहारणीच्या गाठोड्यातील वैभव

दुपारच्या वेळी दारावर येणारी बोहारीण महाराष्ट्रातील घरांना अनोळखी नाही. जुन्या साड्या पसरून पाहायच्या, कोठे विरले आहे, जर किती काळवंडली आहे हे हेरायचे, घासाघीस करून स्टीलचे पातेले द्यायचे आणि गाठोडे उचलून पुढची आळी गाठायची, हा तिचा व्यवहार. गृहिणीच्या लेखी साडीची कथा त्या पातेल्यापाशी संपते. अलीकडे मात्र अशाच साड्यांना उंची वस्त्रांच्या दालनात मानाचे स्थान मिळू लागले आहे.

स्तेफानो फुनारी या इटालियन उद्योजकाने २०१३ मध्ये मुंबईत ‘आय वॉज अ सारी’ हा उपक्रम सुरू केला. वापरलेल्या साड्या विकत घेऊन त्यांपासून वस्त्रे, पिशव्या आणि शोभेच्या वस्तू तेथे घडतात, आणि हे काम मुंबईतील सामान्य वस्त्यांमधील स्त्रिया करतात. पुढे इटलीतील विख्यात ‘गुच्ची’ने त्यांच्या भरतकाम-प्रशिक्षणास साहाय्य केले. २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधील पहिल्या ‘सर्क्युलर डिझाइन चॅलेंज’ स्पर्धेचे विजेतेपदही या उपक्रमाला लाभले. पुण्यात करिश्मा शहानी खान यांनी २०१२ मध्ये ‘का-शा’ हे वस्त्रनाम उभे केले. त्यांच्या ‘हार्ट टू हाट’ उपक्रमात कातरणे आणि वापरून झालेले कपडे यांना नवे रूप दिले जाते.

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाच्या मनात येथे एक रास्त शंका येते. माल टाकाऊ, मग भाव उंची का?

उत्तर मालाच्या स्वभावात आहे. गिरणीतून येणारा ताका सर्वत्र सारखा असतो. त्याचे अनेक थर एकावर एक अंथरून यंत्राने एकदम कापता येतात. जुन्या साडीला ही सोय नाही. प्रत्येक साडी उलगडावी लागते, धुवावी लागते, उजेडासमोर धरून डाग आणि भोके शोधावी लागतात. वर्षानुवर्षे घडीत राहिलेले रेशीम नेमके घडीवरच फाटते. तो भाग वगळून, काठ आणि पदर कोठे येतील याचा विचार करून कात्री चालवावी लागते. एका साडीत झगा निघतो, तर दुसरीत जेमतेम एक बटवा. कापड स्वस्त पडते. महाग पडतात ते पारखी डोळे आणि शिवणारे हात.

अशा मालाची त्याच नमुन्याची शंभर नगांची मागणी पुरवता येत नाही. घाऊक बाजारात हा दोष ठरला असता. उंची वस्त्राच्या ग्राहकाला मात्र ‘असे दुसरे नाही’ हेच हवे असते. म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्याने संग्रह लहान ठेवावा आणि चित्रातील रंग व हातात येणारा रंग यांत फरक असेल, हे आधीच सांगावे.

रेशमाचा प्रश्न जैन कुटुंबांना विशेष जवळचा आहे. बहुतेक रेशीम कोशातील जिवासह कोश उकळून काढले जाते, म्हणून अनेक घरांनी ते वर्ज्य केले आहे. जुन्या साडीचे वस्त्र करताना नवा कोश लागत नाही. ते अंगावर घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग. मात्र ‘जुनी देऊन टाकली’ या समाधानात दोन नव्या साड्या घरात आल्या, तर जमाखर्च पुन्हा तेथेच येतो.

पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांतील भेदही ध्यानात ठेवावा. पानिपतमध्ये जुने लोकरी कपडे यंत्राने पिंजून त्यांचे सूत काढतात. पिंजताना तंतू आखूड होतात, त्यामुळे असे सूत प्रामुख्याने ब्लँकेटांकडे वळते. वस्त्रापासून पुन्हा वस्त्र होणे अजून विरळाच. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार जगभर कपड्यांसाठी लागणाऱ्या साहित्यापैकी १ टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा नव्या कपड्यांत येते. म्हणून ‘पुनर्निर्मित’ अशी चिठ्ठी दिसली की किती टक्के, कशापासून आणि कोणाच्या हातून, हे तीन प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावेत.

तिसरा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःलाही विचारावा. कच्चा माल स्वस्त मिळाला की मजुरीही स्वस्त धरण्याचा मोह होतो. पण या वस्त्राचे सारे मोल निवडणाऱ्या, धुणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांनीच वाढवलेले असते. त्या हातांना उचित वाटा मिळाला, तर हा व्यापार खऱ्या अर्थाने उंची ठरेल. तो नाकारला, तर दालन कितीही झगमगते असो, तेथे विकला जाणारा माल त्यांच्या कष्टांच्या चिंध्यांचाच असेल.

पुढच्या वेळी बोहारीण दारी येईल, तेव्हा पातेल्यासाठी घासाघीस करताना गृहिणीने इतके आठवावे: त्या साडीला पहिली पारख लाभते, ती तिच्याच डोळ्यांची.