ज्युरी ड्यूटीचे पत्र आणि तीन वकील



गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना मी सहज बोलून गेलो, "मला ज्युरी ड्यूटीचे पत्र आले आहे." झाले! मसालेभात ताटात पडेपर्यंत ते टाळण्याचे पाच-सहा उपाय माझ्याकडे जमा झाले. कुणी म्हणाले, ऑफिसकडून पत्र आण. कुणी म्हणाले, तब्येतीचे कारण दे. एका मित्राने तर सांगितले, "इंग्रजी नीट येत नाही म्हणून लिहून टाक." (पंधरा वर्षे इंग्रजीतून कॉन्फरन्स कॉल घेणाऱ्या माणसाने हे लिहायचे!)

मला नागरिकत्व मिळून दीडच वर्ष झाले होते, त्यामुळे थोडी हौसही होती. मी सरळ गेलो.

दिवसभर कोर्टाच्या मोठ्या हॉलमध्ये बसून दुपारी माझे नाव पुकारले गेले. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आम्हाला एकेक करून प्रश्न विचारले. मला वाटले होते, सिनेमातल्यासारखे टेबलावर हात आपटून बोलणारे कुणी असेल. प्रत्यक्षात बचाव पक्षाच्या वकीलबाई शाळेतल्या बाईंसारख्या शांत होत्या. माझा व्यवसाय ऐकून त्यांनी विचारले, "तुमच्या कामात काही बिघडले, तर तुम्ही आधी काय बघता?" मी म्हणालो, "लॉग बघतो. लोकांना जे आठवते आणि लॉगमध्ये जे असते, ते नेहमी जुळतेच असे नाही." त्या हसल्या, वहीत काहीतरी लिहिले, आणि थोड्या वेळाने मला घरी जायची परवानगी मिळाली. मला कुणी काढले आणि का, ते कळले नाही. इथे दोन्ही बाजूंना ठरावीक संख्येपर्यंत ज्युरर कारण न सांगता वगळता येतात. मात्र केवळ वंशावरून वगळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1986 साली बॅटसन खटल्यात सांगितले.

घरी आल्यावर सातवीतल्या मुलीने विचारले, "बाबा, चांगला वकील म्हणजे छान भाषण करणारा का?" मला उत्तर देता येईना. म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता तीन वकिलांपाशी येऊन थांबलो. त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आधी थोडे ज्युरीविषयी

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ज्युरी म्हटले की नानावटी खटला आठवतो. 1959 साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने कमांडर नानावटींना 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, हायकोर्टाने 1960 मध्ये जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

अमेरिकेत असे होऊ शकत नाही. ज्युरीने एकदा "निर्दोष" म्हटले की सरकारला त्यावर अपील नाही. आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायचे तर सर्व ज्युररांचे एकमत लागते. 2020 पासून हे सर्व राज्यांना बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच पटेल. अपिलाच्या कोर्टात सहसा नवे साक्षी-पुरावे घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदले गेले, त्याच नोंदीवर वर वाद होतो. म्हणजे ट्रायल लॉयर दोन कामे करत असतो. समोरच्या ज्युरीला किंवा न्यायाधीशाला पटवून द्यायचे, आणि पुढे लागेल अशी नोंद तयार ठेवायची.

क्लॅरेन्स डॅरो : घराच्या आत बसून पाहा

डॅरो (1857-1938) मूळचे ओहायोचे. शिकागोत रेल्वे कंपनीचे वकील म्हणून त्यांचे उत्तम चालले होते. 1894 च्या पुलमन संपात कामगार नेते युजीन डेब्स यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॅरो रेल्वेची बाजू सोडून डेब्स यांच्या बाजूने उभे राहिले. ते काही देवमाणूस नव्हते. ज्युरीला लाच देण्याच्या आरोपावरून त्यांच्यावरच दोन खटले झाले. एकात 1912 साली ते सुटले, दुसऱ्यात ज्युरीचे एकमत झाले नाही.

शाळेत मुलांना त्यांचा 1925 चा स्कोप्स खटला शिकवतात, उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या शिक्षकाचा. पण त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये सुरू झालेले प्रकरण मला जास्त भिडले.

डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. सप्टेंबरमध्ये ते राहायला गेले, आणि दुसऱ्याच रात्री घराबाहेर जमाव जमला, दगड पडू लागले. घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस ठार झाला. डॉक्टर, त्यांची पत्नी, भाऊ, मित्र अशा अकरा जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. ज्युरी संपूर्ण गोरी.

फिर्यादी पक्षाचे म्हणणे, बाहेर गर्दी नव्हतीच, थोडेसे लोक होते. एका तरुण साक्षीदाराच्या तोंडून आधी मोठ्या गर्दीचा शब्द निघाला, मग तो स्वतःला सावरत "थोडे लोक" वर आला. उलटतपासणीत डॅरोंनी आवाज चढवला नाही. त्याने क्रमाने कुठकुठले शब्द वापरले आणि ते का बदलले, एवढेच विचारत गेले. साक्ष पढवलेली आहे हे ज्युरीला वेगळे सांगायची गरज राहिली नाही.

फिर्यादीचा प्रश्न होता, गोळी कुणी झाडली? डॅरोंनी ज्युरीपुढे वेगळा प्रश्न ठेवला : त्या रात्री त्या घरात बसलेल्या माणसाला बाहेरच्या जमावाकडे बघून काय वाटले असेल? पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. मग डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री, ज्याने गोळी झाडल्याचे कबूल केले होते, त्याच्यावर वेगळा खटला चालला. मे 1926 मध्ये बारा गोऱ्या ज्युररांनी त्याला निर्दोष ठरवले. नंतर बाकीच्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले.

या गोष्टीत बारा जणांना विसरू नका. त्यांनीही पत्र आल्यावर तब्येतीचे कारण दिले असते तर?

थर्गुड मार्शल : "समान" कुठे आहे ते दाखवा

मार्शल (1908-1993) बाल्टिमोरचे. गावातच मेरिलँड विद्यापीठाचे लॉ स्कूल होते, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून ते रोज आगगाडीने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जात. फीसाठी त्यांच्या आईने आपल्या अंगठ्या गहाण ठेवल्या होत्या. (आपल्यापैकी कितीतरी घरांत हे असेच झाले आहे, नाही का?) 1933 साली ते वर्गात पहिले आले.

दोन वर्षांत ते त्याच मेरिलँड विद्यापीठाविरुद्ध कोर्टात उभे राहिले, आपले गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्या बरोबर. अशील होता डोनाल्ड मरे नावाचा कृष्णवर्णीय पदवीधर.

त्या वेळी कायदा असा होता की शाळा वेगळ्या असल्या तरी चालतील, फक्त "समान" हव्यात. तरुण वकिलाला वाटले असते, हा कायदाच अन्यायाचा आहे असे ठणकावून सांगावे. मार्शल आणि ह्यूस्टन यांनी तसे केले नाही. त्यांनी साधा प्रश्न टाकला : ठीक आहे, वेगळे पण समान. मग या राज्यात कृष्णवर्णीयांसाठी दुसरे लॉ स्कूल कुठे आहे? ते नव्हतेच! 1935 मध्ये कोर्टाने मरेला प्रवेश द्यायचा हुकूम दिला, आणि जानेवारी 1936 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो कायम केला.

कायदाच मोडायची वेळ नंतर आली. 1951 साली साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनच्या कोर्टात मार्शल यांच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी साक्ष दिली. क्लार्क यांनी तिथल्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून कुठली चांगली, कुठली वाईट असे विचारले होते. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटले. वेगळ्या शाळेचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, ते असे कोर्टाच्या नोंदीत गेले. तो खटला मार्शल तिथे हरले, 2 विरुद्ध 1. पण ती नोंद वर गेली. आणखी काही राज्यांतले असेच खटले तिला जोडले गेले, आणि 17 मे 1954 रोजी "ब्राउन" निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊही न्यायाधीशांनी वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या.

सुप्रीम कोर्टापुढे मार्शल यांनी 32 खटल्यांत बाजू मांडली, 29 जिंकले. 1967 मध्ये ते स्वतः त्या कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

सखाराम गणेश पंडित : आपल्या सर्वांचा वकील

आता तिसरे नाव. हे मीही याआधी ऐकले नव्हते. नाव अगदी आपल्या ओळखीचे वाटते, जन्म मात्र अहमदाबादचा, 1875 चा. पंडित अमेरिकेत आले, 1914 मध्ये नागरिक झाले आणि 1917 पासून कॅलिफोर्नियात वकिली करू लागले.

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त "गोऱ्या" किंवा आफ्रिकन वंशाच्या व्यक्तीला नागरिकत्व मिळू शकत असे. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांचे नागरिकत्व वादात आले, आणि सुप्रीम कोर्टात पंडितांनी त्यांची बाजू मांडली. मुद्दा असा की वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर भारतीय "कॉकेशियन", म्हणजे गोऱ्यांतच मोडतात. त्यात थिंद उच्च जातीचे आहेत यावरही भर होता. आज वाचताना हे खटकते. दुसऱ्यांना बंद असलेले दार फक्त आपल्याला उघडा, अशी ती मागणी होती.

19 फेब्रुवारी 1923 रोजी कोर्टाने एकमताने थिंद यांच्या विरुद्ध निकाल दिला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, पुस्तके काहीही म्हणोत!

मग सरकारने भारतीयांना आधी दिलेली नागरिकत्वे रद्द करायचा सपाटा लावला. ज्यांनी इथे घरे घेतली, दुकाने थाटली, ते एका निकालाने उपरे झाले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगई यांनी नागरिकत्व गेल्यावर 1928 मध्ये आत्महत्या केली.

पंडितांवरही दावा झाला. नागरिकत्व गेले असते तर वकिलीही गेली असती. या वेळी त्यांनी "मी गोरा आहे की नाही" हा वाद घातलाच नाही. त्यांनी प्रश्न बदलला : 1914 मध्ये कोर्टाने माझा वंश माहीत असताना, सरकारची हरकत ऐकून घेऊन मला नागरिकत्व दिले. सरकारने तेव्हा अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी व्यवसाय उभा केला, लग्न केले. आता तोच निकाली वाद सरकार पुन्हा उकरून काढू शकते का?

नाही, असे खालच्या कोर्टाने म्हटले. 1926 मध्ये अपील कोर्टानेही तेच सांगितले, आणि 1927 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारने भारतीयांवरचे उरलेले दावे सोडून दिले. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता पुन्हा उघडायला मात्र 1946 चा लूस-सेलर कायदा यावा लागला. पंडित 1959 मध्ये वारले.

1914 च्या त्या जुन्या नोंदीने त्यांना वाचवले. ज्याला आम्ही लॉग म्हणतो, तोच!

मुलीला काय सांगितले

तर मंडळी, मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले. भाषण येते ते चांगलेच, डॅरो तासन् तास बोलत. पण खटले फिरले ते योग्य प्रश्नाने. समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत बसायचे नाही, खरा प्रश्न कुठला ते शोधायचे आणि त्याच्या उत्तराचा पुरावा कागदावर आणायचा. कॉलेजात आमचे सर सांगत, गणित सोडवायच्या आधी गणित काय आहे ते वाच. तेच हे.

आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, हे ठरलेलेच. माझ्याही घरी तसेच होते. पण या वर्षी मुलीने शाळेच्या मॉक ट्रायलच्या गटात नाव दिले आहे, आणि मी गणिताच्या क्लासची वेळ बदलून घेतली आहे. पुढे ती काय होईल ते तिचे ती बघेल.

आणि ज्युरी ड्यूटीचे पत्र आले तर जरूर जा. ज्या कागदामुळे ते पत्र आपल्याला येते, तो मिळावा आणि टिकावा म्हणून शंभर वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. आपल्याला फक्त एक दिवस सुट्टी काढायची आहे.

तुमच्यापैकी कुणी ज्युरीत प्रत्यक्ष बसले असेल तर अनुभव नक्की कळवा. निदान पुढच्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत तरी सांगा!