परतीचा पाऊस आणि कापलेले सोयाबीन

भाद्रपद सरत आला की सोयाबीनचे शेत पिवळे पडू लागते आणि शेतकऱ्याची नजर पिकावरून आभाळाकडे वळते. मृगात ज्या पावसाची आपण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, त्यानेच आता चार दिवस दम धरावा असे वाटू लागते. परंतु हस्त, चित्रा आणि स्वाती या तीन नक्षत्रांचा, म्हणजे साधारणतः २७ सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ मोठा बेभरवशाचा असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी असह्य उकाडा आणि सायंकाळी गडगडाटासह पाऊस, तोही या शिवारात पडेल आणि त्या शिवारात पडणार नाही, हे त्याचे नेहमीचे रूप होय. त्यातच बंगालच्या उपसागरातील एखादा कमी दाबाचा पट्टा आंध्र व तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकला, तर मराठवाडा आणि सोलापूरकडील भागात अतिवृष्टी होते. २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये हेच घडले.

‘मान्सून परतला, आता पाऊस संपला’ असे समजणे किती धोक्याचे आहे, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. २०१९ साली मान्सूनची माघार ९ ऑक्टोबरला, म्हणजे फारच उशिरा सुरू झाली. पुढे आठवडाभरात तो देशातून गेल्याची वार्ता आली. माझ्या नोकरीचे ते आरंभीचे दिवस होते. लातूर जिल्ह्यातील एका गावच्या बैठकीत मी मोठ्या विश्वासाने सांगितले की, आता वाट पाहू नका, कापून घ्या. एका वयस्क शेतकऱ्यांनी माझ्या शब्दावर आठ एकर सोयाबीन गुत्ते देऊन दोन दिवसांत आडवे केले. मळणीयंत्राची पाळी मात्र पाच दिवसांनी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ झाले, मागोमाग ‘महा’ आले आणि राज्यात ठिकठिकाणी पाऊस लागून राहिला. मी त्या शेतावर गेलो तेव्हा जमिनीवर पसरलेल्या शेंगांतून हिरवे कोंब डोकावत होते. “साहेब, पेरणी झाली आमची पुन्हा,” एवढेच ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही.

बांधापलीकडे एका विधवा बाईंचे तीन एकर होते. मजूर मिळेना म्हणून त्यांनी व त्यांच्या दोन्ही सुनांनी रोज थोडे थोडे कापून, वाळवून घराजवळच्या उंचवट्यावर गंजी रचली होती. त्यांचे उरलेले उभे पीक काळवंडले, काही शेंगा फुटल्या. पण निम्म्याहून अधिक माल हाती लागला. मजुरांच्या टंचाईने जे घडवले, ते आपण समजून उमजून करावयास हवे.

उभ्या झाडावरील शेंग वाऱ्यावर असते. पाऊस थांबताच ती निथळते आणि वाळते. तीच शेंग कापून जमिनीवर पडली की खालून ओल, वरून पाऊस आणि मधून ऊब, असा तिहेरी मारा तिच्यावर होतो. सोयाबीनच्या पक्व दाण्याला विशेष सुप्तावस्था नसल्याने त्यास कोंब फुटण्यास वेळ लागत नाही. म्हणून परतीच्या पावसात खरा धोका पिकाला असतो त्यापेक्षा कापलेल्या पिकाला अधिक असतो. याचा अर्थ पीक कितीही दिवस उभे ठेवावे असा मात्र नव्हे. जे.एस. ३३५ सारख्या वाणाच्या शेंगा पक्वतेनंतर काढणी लांबल्यास तडकून दाणे गळतात; एम.ए.यू.एस. १५८ सारखे वाण त्या मानाने अधिक दिवस तग धरतात. आपल्या शेतात कोणता वाण आहे हे काढणीपूर्वीच ध्यानी घ्यावे.

सुमारे ९० ते ९५ टक्के शेंगांचा रंग पालटून त्या तपकिरी झाल्या म्हणजे पीक काढणीस आले. मात्र विळा लावण्यापूर्वी हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहावा. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो चावडीवर किंवा गावाच्या मोबाइल गटावर त्याच दिवशी पोहोचवावा. तीन दिवसांत जोरदार पावसाचा इशारा असेल आणि पीक नुकतेच पक्व झाले असेल, तर थांबणे इष्ट. पीक जास्तच वाळले असेल तर थांबणे परवडणार नाही. तेव्हा जितके त्याच दिवशी उचलून सुरक्षित जागी नेता येईल तितकेच कापावे. मळणीयंत्र ठरल्याशिवाय सबंध शेत आडवे करणे मला तरी मान्य नाही. यंत्रवाल्याशी एकेकट्याने बोलणी करण्यापेक्षा पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून पाळ्या लावून घेतल्या, तर मजूर व यंत्र यांची सांगड बसते.

गंजी उंचवट्यावर रचावी, तळाशी तुराट्यांचा थर द्यावा आणि भोवती चर काढावा. ओले पीक गंजीत घालू नये, ते आतून तापते. ताडपत्री पावसापुरती घालावी; ऊन पडताच काढली नाही तर आतील वाफ पुन्हा पिकावरच उतरते. भिजलेले पीक पातळ पसरून, उलथेपालथे करून वाळवल्यावरच मळणीस घ्यावे. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवावेत, कारण सोयाबीनच्या बियांचे कवच फार नाजूक असते. साठवणीपूर्वी ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणावा. भिजलेल्या मालातून शक्यतो बियाणे राखू नये. राखणे भागच पडले, तर पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे उगवून पाहावेत. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती धान्याहून मोलाची आहे. सायंकाळी ढग गडगडू लागले की घरातील माणसे ताडपत्री झाकण्यास शेताकडे धावतात. वीज पडण्याची भीती याच वेळी सर्वाधिक असते. म्हणून आभाळाचा रंग बदलताच, गडगडाटापूर्वी, गंजी झाकून घ्यावी. एकदा विजा चमकू लागल्या की भिजते ते भिजू द्यावे आणि झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. पुणे येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन जवळपासच्या विजांची सूचना देते; ते घरातील तरुण मुलांकडून उतरवून घ्यावे.

पुढील वर्षी मी त्याच गावी गेलो, तेव्हा त्या शेतकऱ्यांनी दोन एकर कापून मळले होते आणि बाकीचे उभे होते. “या वेळी तुमचं निम्मंच ऐकलं, साहेब,” असे म्हणून त्यांनी मळलेल्या पोत्यातील मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मोकळ्या झालेल्या दोन एकरांत वाफसा येताच हरभरा पेरण्याची त्यांची तयारी चालली होती.