डब्यातलं जुनं भोपळ्याचं बी: टाकायचं की रोपं करून विकायची?

रोपवाटिकेच्या व्हिडिओनंतर शहापूर-मुरबाडकडून एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: "सर, मोठ्या भोपळ्याचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं बी शिल्लक आहे. रोपं करून फार्महाऊसवाल्यांना विकू का?"

विका, पण आधी तपासा. भोपळ्याचं बी कोरडं आणि थंड ठेवलं तर चार-पाच वर्षंही उगवतं. आपल्याकडचा पावसाळी दमटपणा मात्र त्याचा शत्रू आहे. उघड्या पुडीतलं बी एका पावसाळ्यातही कमजोर होऊ शकतं.

तपासणी कशी करायची? २० बिया मोजून घ्या. ओल्या, पिळलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी मोजा. २० पैकी १२ उगवल्या तर उगवण ६० टक्के. प्रमाणित भोपळा बियाण्यासाठी सरकारी किमान मर्यादाही हीच आहे. मोड आलेल्या बिया वाया घालवू नका, लगेच पिशवीत लावा.

आता धंद्याचं गणित. समजा एक बी २ रुपयांना पडलं. ६० टक्के उगवणीत १०० रोपांसाठी साधारण १६७ बिया लागतील. म्हणजे एका रोपामागे बियाण्याचाच खर्च २ नाही, ३ रुपये ३४ पैसे! हे न धरता भाव सांगितला तर नफा तिथेच गेला. उगवण त्याहून कमी असेल तर नवीन बी घेतलेलं बरं.

उगवण सुधारायची असेल तर: जाड सालीच्या बियांच्या कडा काचपेपरने हलक्या घासा. टोकदार बाजू सोडा, मूळ तिथून निघतं. मग पाच-सहा तास कोमट पाण्यात भिजवा, रात्रभर नको. पिशवीत माती ओलसर असावी, चिखल नको. जुनं बी आधी कुजतं. उशिरा उगवलेली मरतुकडी रोपं विकू नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात १,२४७ किलोचा भोपळा विक्रमी ठरला, पण गिऱ्हाइकाला वजनाचं आश्वासन देऊ नका. तिथलं हवामान वेगळं. दुसरं, बियाणं विकायला बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे परवाना लागतो. रोपांसाठी काय लागेल, ते तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या.

रोप मेलं तर तुमचे चार रुपये जातात, पण गिऱ्हाइकाचा अख्खा हंगाम जातो, आणि तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही. म्हणून पावसाआधी, मे महिन्यातच, डबा उघडा, २० बिया मोजा आणि आकडा वहीत लिहा. तुमची उगवण किती टक्के आली, कमेंटमध्ये नक्की सांगा!