खासगी वैमानिक परवान्याचे प्रशिक्षण : स्वरूप, शास्त्रीय आधार आणि ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका

प्रस्तावना

राहाता तालुक्यातील कोल्हार हे प्रवरा नदीच्या काठी, नगर–मनमाड महामार्गावर वसलेले गाव आहे. येथून जवळच, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला आणि विमान ही या परिसरातील नित्य दृष्टीस पडणारी बाब झाली. अशा परिसरातील महाविद्यालयात ‘वैमानिक होण्यासाठी काय करावे लागते?’ असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारणे स्वाभाविक आहे. त्यामागे पालकांचा दुसरा प्रश्न असतो : त्यासाठी कर्ज काढावे काय, शेत विकावे काय? अर्धवट माहितीवर दिलेल्या उत्तराची किंमत एखाद्या शेतकरी कुटुंबाला अनेक वर्षे मोजावी लागू शकते. म्हणून या शिक्षणाची पहिली महत्त्वाची पायरी असलेल्या खासगी वैमानिक परवान्याचे स्वरूप प्राध्यापकवर्गासमोर मांडणे, त्यामागील शास्त्र विशद करणे आणि आपल्या महाविद्यालयांना या बाबतीत काय करता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील उड्डाणशिक्षणाची परंपरा शतकाच्या उंबरठ्यावर आली आहे. मुंबईत १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेल्या वैमानिक परवान्याचा क्रमांक १ होता. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपालाचे विमान आणले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. त्या काळी उड्डाण हा महानगरातील सधन वर्गाचा छंद होता. आज चित्र बदललेले आहे. महानगरांवरील आकाशात वाहतुकीची दाटी झाल्याने प्रशिक्षणाची केंद्रे राज्याच्या अंतर्भागात आली. धुळे, बारामती आणि गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्ट्यांवरून प्रशिक्षणार्थी उड्डाणे करतात. अंतराच्या दृष्टीने हे शिक्षण ग्रामीण विद्यार्थ्याच्या जवळ आले आहे. खर्चाच्या दृष्टीने मात्र ते अद्याप दूरच आहे.

परवान्यांच्या पायऱ्या

भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. परवान्यांच्या अटी १९३७ च्या विमान नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतून विकसित झालेल्या आहेत.

पहिली पायरी विद्यार्थी वैमानिक परवान्याची आहे. त्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात व दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. हा परवाना असलेल्यास केवळ प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली उडता येते. प्रवासी नेता येत नाहीत. दुसरी पायरी खासगी वैमानिक परवान्याची. त्यासाठी किमान वय १७ वर्षे, द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखी परीक्षा, उड्डाणचाचणी आणि किमान ४० तासांचा उड्डाणानुभव आवश्यक आहे. या ४० तासांपैकी २० तास विद्यार्थ्याने विमानात एकटे असताना पूर्ण करावयाचे असतात. त्यांत किमान ५ तास दूरच्या मार्गावरील, म्हणजे क्रॉस-कंट्री उड्डाणांचे असतात. त्यांपैकी एक उड्डाण १५० सागरी मैलांहून, अर्थात सुमारे २७८ किलोमीटरहून, कमी नसावे आणि त्यात दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत एकल उड्डाणाची किमान मर्यादा १० तासांची आहे. भारतीय नियम त्याच्या दुप्पट अपेक्षा ठेवतो, ही बाब लक्षणीय आहे.

खासगी परवानाधारकास प्रवासी नेता येतात, परंतु त्याबद्दल मोबदला घेता येत नाही. याचा अर्थ असा की, केवळ या परवान्यावर विमान कंपनीत नोकरी मिळत नाही. उपजीविकेसाठी व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो आणि त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. खासगी परवान्याचे ४० तास त्यात धरले जातात. म्हणजे ते संपूर्ण मार्गाचा केवळ पाचवा भाग होत. पालकांना सर्वप्रथम सांगावयाची गोष्ट हीच आहे.

एकल उड्डाण : निर्णयशक्तीचे हस्तांतरण

प्रशिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम विमान सरळ व समपातळीत ठेवणे, चढणे, उतरणे व वळणे. नंतर विमानाचा आधार सुटण्याची, म्हणजे स्टॉलची, स्थिती ओळखून त्यातून बाहेर येणे. त्यानंतर धावपट्टीभोवती आयताकृती फेरी घेऊन पुनःपुन्हा उतरण्याचा सराव. एके दिवशी प्रशिक्षक विमानातून खाली उतरतो आणि विद्यार्थ्यास एकट्याने एक फेरी पूर्ण करण्यास सांगतो. हा दिवस कोणता असावा, हे वेळापत्रक ठरवीत नाही. विद्यार्थ्याची चूक त्याच्या स्वतःच्या लक्षात येते काय आणि ती तो वेळेत सुधारतो काय, यावर प्रशिक्षकाचा निर्णय अवलंबून असतो.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही घटना विचारात घेण्याजोगी आहे. आपल्या परीक्षापद्धतीत विद्यार्थी चुकला तर गुण जातात. येथे शिक्षकाच्या स्वाक्षरीवर विद्यार्थ्याचे प्राण अवलंबून असतात. उतरताना विमान अस्थिर वाटल्यास प्रयत्न सोडून पुन्हा वर जाणे हे येथे अपयश मानले जात नाही, उलट तीच परिपक्वतेची खूण समजली जाते. ‘आज हवामान योग्य नाही, मी जाणार नाही’ असे म्हणता येणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

धोका काल्पनिक नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकल उड्डाणावर निघालेले सेसना १५२ जातीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. प्रशिक्षणार्थी किरकोळ दुखापतींवर बचावली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसी येथून निघालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात कोसळले, त्यात प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी या दोघांचाही मृत्यू झाला. विद्यार्थ्यास मार्गदर्शन करताना या वस्तुस्थितीचा उल्लेख टाळणे योग्य ठरणार नाही.

अभ्यासक्रमातील विज्ञान

हवाई नियम, दिक्चालन, हवामानशास्त्र, विमान व इंजिन यांचे ज्ञान हे या परवान्याचे सैद्धान्तिक विषय होत. यांतील बहुतेक भाग आपल्या भौतिकशास्त्र, गणित व भूगोलाच्या वर्गांत आधीच शिकविला जातो. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण हवेच्या घनतेचे. दख्खनच्या पठारावर सुमारे २,००० फूट उंचीची धावपट्टी आणि एप्रिलमधील ४० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरू. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान ११ अंश असावयास हवे. फरक २९ अंशांचा आहे. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट या नियमाने २९ गुणिले १२० म्हणजे ३,४८० फुटांची भर पडते. परिणामी विमान जणू सुमारे ५,५०० फूट उंचीवरील विरळ हवेतून उडत असल्यासारखे वागते : इंजिनाची शक्ती घटते, उत्थापक बल कमी पडते आणि धावपट्टीवर अधिक धावावे लागते. विद्यार्थ्याने हे गणित उड्डाणापूर्वी जमिनीवर करावयाचे असते.

दुसरे उदाहरण सदिशांच्या बेरजेचे. कोल्हारच्या साधारण उत्तरेस धुळे आहे. विमानाचा हवेतील वेग ९० नॉट आणि पश्चिमेचा वारा २० नॉट असेल, तर विमानाचे नाक थेट उत्तरेकडे ठेवल्यास तासाभरात ते मार्गापासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, पूर्वेकडे सरकेल. मार्गावर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे सुमारे १३ अंश वळवावे लागते; या कोनाची ज्या २० भागिले ९० इतकी असते. जमिनीवरील वेग तेव्हा सुमारे ८८ नॉट भरतो. त्रिकोणमितीचा उपयोग काय, या वर्गात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर देणे कठीण आहे.

तिसरे उदाहरण वर्तुळाकार गतीचे. समपातळीत ६० अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो. आधार सुटण्याचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ४१ टक्क्यांनी वाढतो; सरळ उड्डाणात ४८ नॉटला आधार सुटणारे विमान अशा वळणात ६८ नॉटलाच आधार सोडते. कमी उंचीवरील तीव्र वळण घातक का ठरते, हे या एका सूत्रातून उलगडते.

परिसराचे ज्ञान

इंजिन बंद पडल्यास उतरण्यासाठी शेत निवडणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग आहे. लहान प्रशिक्षण विमानाचा तरंगण्याचा पल्ला ढोबळमानाने एकास नऊ धरला, तर जमिनीपासून २,००० फुटांवरून सुमारे साडेपाच किलोमीटर अंतर व तीन मिनिटांचा अवधी हाती असतो. तेवढ्यात वाऱ्याची दिशा पाहून मोकळे, सपाट व पुरेसे लांब रान निवडावयाचे असते. उभा ऊस वरून हिरव्या गालिचासारखा दिसतो, पण तो पुरुषभर उंच असतो. ओल्या काळ्या रानात चाक रुतून विमान उलटू शकते. सरींना आडवे उतरणे धोक्याचे, सरींच्या दिशेने उतरणे त्यामानाने बरे. विहिरी व विजेच्या तारा वरून चटकन दिसत नाहीत, परंतु वीजपंप असलेल्या शेतात तारा असणारच, हे अनुमान करता येते. प्रवराकाठच्या विद्यार्थ्यास हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पीक, माती आणि ऋतू यांचे हे ज्ञान त्याची जमेची बाजू आहे, याची जाणीव त्यास करून द्यावयास हवी.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजीची भीती वाटते. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार रेडिओ संभाषणासाठी भाषाप्रभुत्वाची किमान चौथी पातळी आवश्यक मानली जाते. तथापि विमानचालनातील नित्याची इंग्रजी मर्यादित शब्दांची व ठराविक वाक्यरचनेची असते. वक्तृत्वापेक्षा अचूकतेला आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी उलट वाचून दाखविण्याला तेथे महत्त्व आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन बोईंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. संदिग्ध रेडिओ संभाषण हे त्यामागील एक कारण होते. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ या शब्दाचा वापर प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देणे वा ती रद्द करणे यापुरता मर्यादित करण्यात आला. ही शिस्त भाषा प्रयोगशाळेत सरावाने शिकविता येण्याजोगी आहे.

महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनावरून ग्रामीण महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येतील असे वाटते. एक, इच्छुक विद्यार्थ्यास प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेण्यास सांगावे. दृष्टी, रंगज्ञान वा श्रवण यांतील दोष शुल्क भरल्यानंतर उघडकीस येणे हे मोठे दुर्दैव होय. दोन, भौतिकशास्त्र, गणित, भूगोल व इंग्रजी या विभागांनी मिळून सैद्धान्तिक विषयांचा अल्प मुदतीचा पूरक वर्ग चालवावा. त्यास विमानाची आवश्यकता नाही. तीन, कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तिचे नाव पाहावे, विमानांची व प्रशिक्षकांची संख्या विचारावी, आणि संपूर्ण शुल्क एकरकमी भरू नये. चार, पदवीचे शिक्षण सोडण्याचा सल्ला देऊ नये. परवान्यास वैद्यकीय कारणांनी केव्हाही खीळ बसू शकते.

समारोप

खासगी वैमानिक परवाना हा उपजीविकेचा दाखला नाही. अनिश्चित परिस्थितीत स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्यास शिकविणारे ते ४० तासांचे शिक्षण आहे. त्याचा सैद्धान्तिक पाया आपल्या वर्गखोल्यांत उपलब्ध आहे आणि तो घालून देण्यास फारसा खर्च येत नाही. आरोग्य, अभ्यास आणि मग पैसा, हा क्रम पाळला गेला तर योग्य विद्यार्थी पुढे जाईल आणि ज्याचा तो मार्ग नाही तो कुटुंबाची जमीन गमावण्यापूर्वीच वेळेवर मागे फिरेल. प्रशिक्षक जसा विद्यार्थ्याची तयारी पाहूनच विमानातून खाली उतरतो, तसाच विवेक विद्यार्थ्यास या मार्गावर पाठविणाऱ्या प्राध्यापकानेही बाळगणे अगत्याचे आहे.