बर्फाची नाळ

पेण सोडून रोह्याकडे निघालेली गाडी कासूच्या लहानशा स्टेशनात थांबते, तेव्हा खिडकीतून दिसतात ती भाताची खाचरे आणि त्यांच्या पाठीशी उभे डोंगर. धरमतरची खाडी इथून दूर नाही. म्हणजे आपण जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहोत. अशा ठिकाणी ८,५१६ मीटर उंचीच्या ल्होत्सेची गोष्ट कशाला, असे वाचक विचारतील. सांगतो. जगातल्या या चौथ्या क्रमांकाच्या शिखराची शेवटची वाट म्हणजे एक नाळ आहे, आणि नाळ कोकणच्या माणसाला नवी नाही!

दोन कड्यांच्या बेचक्यातून उतरणारी उभी, अरुंद घळ ती नाळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळते, एरवी दगडधोंड्यांचा खच. मोहरीच्या पठारावरून लिंगाण्याकडे उतरणारी बोराट्याची नाळ ज्याने पायांखाली घातली आहे, त्याला तिचा पहिला नियम ठाऊक असतो: वरच्याचा पाय निसटला, की धोंडा खालच्याच्या डोक्यावर. अंग चुकवायला डावी-उजवीकडे जागाच नसते.

आता हीच नाळ बर्फाने भरा आणि नेऊन ठेवा एव्हरेस्टच्या शेजारी. दोन्ही शिखरांची वाट बरीच वरपर्यंत एकच. मग एव्हरेस्टचा वाटसरू साउथ कोलकडे वळतो आणि ल्होत्सेचा सरळ नाळेच्या तोंडाशी येतो. बुटांना पोलादी दात बांधलेले, हातात बर्फाची कुऱ्हाड. बर्फ घट्ट असला तर तीच उत्तम शिडी. कमी असला तर उघड्या पडलेल्या खडकावर तेच पोलादी दात घसरतात आणि दगड सुटू लागतात. म्हणून रात्रीच निघायचे. थंडीने दगडधोंडे जागच्या जागी गोठलेले असतात. ऊन चढले की ते मोकळे होतात.

आणि श्वास? कासूच्या फलाटावर आपण जी हवा फुकट घेतो, तिचा दाब तिथे साधारण एक तृतीयांश उरतो. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, धापा टाकायच्या, मग दुसरे पाऊल.

१८ मे १९५६ रोजी फ्रिट्झ लुखसिंगर आणि अर्न्स्ट राइस हे दोन स्विस वीर या नाळेतून प्रथम माथ्यावर पोहोचले. २०१३ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आशिष माने यांनी तेच शिखर गाठले. हिमालयापासून शेकडो कोस दूर, जिथे बर्फ म्हणजे फार तर गोळ्यावरचा, त्या मुलखातला हा गडी!

पण खरी कसोटी माथ्यावर नसते. माथा म्हणजे अर्धीच वाट. चढताना तोंड डोंगराकडे असते, छाती उमेदीने भरलेली असते. उतरताना पायांतले बळ सरलेले, नळकांड्यातला प्राणवायू संपत आलेला, आणि खाली तीच निमुळती घसरगुंडी. तिथे शौर्यापेक्षा हिशेब उपयोगी पडतो: ठरल्या वेळी माथा आला नाही तर हाताशी आलेले शिखर सोडून मागे फिरायचे. हा मोह आवरणारा गिर्यारोहकच पुन्हा डोंगर पाहतो.

सह्याद्रीतल्या जुन्या वाटाड्याला हे शिकवावे लागत नाही. नाळेत मुक्काम करायचा नाही, दिवस कलण्याआधी तिच्याबाहेर पडायचे, एवढे त्याला पुरते ठाऊक असते. बर्फाची असो वा दगडाची, नाळ त्यालाच वाट देते, जो तिला घाबरून असतो.