अंतरांच्या यादीतून रेणूचा आकार

मुंबई, पुणे, नाशिक आणि सोलापूर यांच्यातली सरळ रेषेतली अंतरं तेवढी हाती असली, तरी कंपास घेऊन या चार शहरांची मांडणी कागदावर काढता येते. मात्र ती सुलटी की आरशातली, हे अंतरं सांगत नाहीत. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत कुर्ट व्यूथरिश यांच्या गटाने प्रथिनांच्या रेणूबाबत हेच करायचं ठरवलं. इथे शहरांऐवजी शेकडो अणू होते.

अंतरं मोजायची कशी? प्रबळ चुंबकीय क्षेत्रात दोन हायड्रोजन अणू शेजारी असतील, तर एकाला रेडिओलहरींनी डिवचल्याचा परिणाम दुसऱ्यावर उमटतो. अंतर दुप्पट झालं, की हा परिणाम चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे साधारण ५ अँगस्ट्रॉमपलीकडचं काही दिसत नाही. (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) जे दिसतं तेही नेमकं अंतर नसतं, 'याहून लांब नाही' एवढीच ती ग्वाही.

एवढ्यावर भागवायचं तर गणित हवं. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हा शाळेतला नियम अणूंच्या तिकडीतिकडीला लावला, की न मोजलेल्या अंतरांच्या मर्यादाही आवळत जातात. मग संगणक त्या मर्यादांत बसणारी अंतरं निवडतो, त्यांवरून अणूंच्या जागा काढतो आणि विसंगती कमी होईपर्यंत त्या सरकवत राहतो. गॉर्डन क्रिपेन आणि टिमोथी हॅवेल यांनी ही रीत रेणूंसाठी घडवली. आरशाचा पेच निसर्गानेच सोडवला आहे: प्रथिनांतली अमिनो आम्लं बहुतेक डाव्या वळणाचीच असतात.

१९८४ मध्ये व्यूथरिश यांनी बैलाच्या वीर्यातल्या, ५७ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची रचना मांडली, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. तशाच एका प्रथिनाची रचना स्फटिकावरून आधीच ठाऊक होती. तिच्यावरूनच हे बेतलं असणार, असा आक्षेप आला. शंका अगदीच गैर नव्हती. मग टेंडामिस्टॅट हे नवं प्रथिन निवडलं गेलं. रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने स्फटिकावर क्ष-किरण टाकून आणि व्यूथरिश यांच्या गटाने द्रावणातल्या अंतरांवरून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याची रचना काढली. दोन्ही जुळल्या आणि वाद मिटला. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा व्यूथरिश यांना मिळाला.

२०१८ मध्ये आलेल्या, प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीनेही अंतरांचाच मार्ग धरला. फरक इतकाच, की ती अंतरं प्रयोगातून न मोजता अमिनो आम्लांच्या क्रमावरून यंत्राने अंदाजलेली होती.